ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी: 'प्रीव्हॅरिकेट' या एका शब्दाच्या कसोटीवर

इंग्रजी शब्दाचं कूळ शोधायचं असेल आणि हाताशी फोनशिवाय दुसरं काही नसेल, तर 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी' उघडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जाणकार तिला 'एटिमऑनलाइन' म्हणतात. शोधण्याला पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही, आणि शब्द टाकला की थेट त्याची नोंद समोर येते. मी कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करते. माझ्या कामात शब्दाचा आजचा अर्थ कळला की भागतं असं नाही. तो शब्द मूळचा कुठला, कुणाच्या तोंडी वाढला आणि त्याला कोणता वास अजून चिकटून आहे, हेही पाहावं लागतं. एका शब्दाच्या छटेवर साक्षीदार खोटारडा ठरतो की नुसता गोंधळलेला, हे अवलंबून असतं. त्यामुळे ही साइट माझ्या रोजच्या वापरातली आहे. तिचं परीक्षण मी एकाच शब्दाच्या आधारे करणार आहे, कारण कोश किती खोल आहे हे शंभर सोप्या शब्दांपेक्षा एका अवघड शब्दावर लवकर कळतं.

तो शब्द म्हणजे 'प्रीव्हॅरिकेट'. बोलण्यात फारसा येत नाही, पण निकालपत्रात आणि उलटतपासणीच्या नोंदीत हमखास भेटतो. साक्षीदार सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही, उडवाउडवीची उत्तरं देतो, 'नरो वा कुंजरो वा' करतो, तेव्हा इंग्रजीत तो 'प्रीव्हॅरिकेट' करतो. उघड खोटं बोलणं वेगळं. इथे खऱ्याला बगल देऊन निसटण्याचा भाव आहे.

आधी साइटविषयी थोडं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधले डग्लस हार्पर यांनी साधारण 2000 सालाच्या सुमारास हे काम सुरू केलं. ते वृत्तपत्राच्या संपादन विभागात काम करणारे आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या इतिहासाचे अभ्यासक. विद्यापीठातल्या भाषाशास्त्र विभागाचा हा प्रकल्प नाही. अर्नेस्ट वीकली, अर्नेस्ट क्लाइन, रॉबर्ट बार्नहार्ट यांचे व्युत्पत्तिकोश आणि ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या दांडग्या ग्रंथांतून माहिती गोळा करून, ताडून, थोडक्यात मांडणं हे हार्पर यांचं काम. साइटच्या प्रस्तावनेतच त्यांनी सांगितलं आहे की हा आजच्या इंग्रजीच्या चाकोऱ्यांचा नकाशा आहे, आणि व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे. सहाशे किंवा दोन हजार वर्षांपूर्वी शब्दाचा अर्थ काय होता एवढंच ती सांगते. ही सूचना प्रत्येकाने वाचावी. मुळात अमुक अर्थ होता म्हणून आजही तोच 'खरा' अर्थ, असा वाद घालणारे लोक मला कामात सारखे भेटतात.

आता नोंद. 'प्रीव्हॅरिकेट' टाकलं की थोडक्या ओळी येतात आणि त्या तुम्हाला 'प्रीव्हॅरिकेशन' या नामाकडे पाठवतात, कारण इंग्रजीत नाम आधी आलं. ते चौदाव्या शतकाच्या अखेरीस, जुन्या फ्रेंचमधून आणि थेट लॅटिनमधूनही. तेव्हाचा अर्थ होता सन्मार्ग सोडणं, देवाची आज्ञा मोडणं. आजचा 'उडवाउडवीचं बोलणं' हा अर्थ 1630च्या दशकातला. लॅटिन क्रियापद 'प्राएवारिकारी'. त्याचा शब्दशः अर्थ दिला आहे 'वाकडं चालणं'. मग फोड: 'प्राए' म्हणजे पुढे, आणि 'वारिकारे' म्हणजे पाय फाकून उभं राहणं किंवा चालणं. त्याच्याही मागे 'वारुस' हे विशेषण, म्हणजे वाकड्या पायांचा.

इतक्या कमी जागेत सहा टप्पे! शतक, वाटेतली भाषा, मूळ क्रियापद, उपसर्ग, धातू, आणि अर्थ कधी पालटला ते. हा आटोपशीरपणा मला मनापासून आवडतो. जाड कोशात हेच शोधायला संक्षेपांची यादी शेजारी उघडी ठेवावी लागते. इथे वाक्यं सरळ आहेत आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या शब्दावर बोट ठेवलं की त्याची स्वतःची नोंद उघडते.

तारखांबद्दल एक गोष्ट नव्या वापरणाऱ्याने लक्षात घ्यावी. '1630चं दशक' याचा अर्थ त्या दशकात कुणीतरी शब्द घडवला असा नाही. त्या अर्थाचा सर्वांत जुना लेखी पुरावा जो आज हाती आहे, तो तेव्हाचा. साइटवरच म्हटलं आहे की विशेषतः 1700च्या आधीच्या तारखा अंदाजाच्या समजाव्यात, कारण शब्द लोकांच्या तोंडी शेकडो वर्षं खेळत असेल आणि ज्या हस्तलिखितात तो उतरला ते टिकलं नसेल. तारखा दशकात देण्याची त्यांची पद्धत म्हणूनच मला पटते. नेमकं वर्ष छापलं की वाचक त्याला जन्मतारीख समजतो.

'वारुस'वर मात्र मी थबकले. साइट त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी देते: गुडघे बाहेर गेलेला, धनुष्यासारख्या पायांचा, आणि गुडघे आत येऊन एकमेकांना लागणारा. हे दोन तर उलटे व्यंग! लुईस आणि शॉर्ट यांच्या 1879च्या लॅटिन कोशात 'वारुस' म्हणजे आत वळलेला, आणि 'वाल्गुस' म्हणजे बाहेर वळलेला. आजचे हाडांचे डॉक्टर नेमकं उलट वापरतात: 'जीनू व्हेरम' म्हणजे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, 'जीनू व्हॅल्गम' म्हणजे गुडघे एकमेकांना घासणारे. दोन अर्थ एका ओळीत पाहून गडबड झाली आहे असं वाटू शकतं, पण गडबड खुद्द शब्दाच्या इतिहासातच आहे आणि साइटने ती लपवलेली नाही. हेच 'वारुस' रोममध्ये आडनावासारखं उपनावही होतं. इसवी सन 9 मध्ये आजच्या जर्मनीतल्या ट्यूटोबुर्गच्या जंगलात तीन लीजन, म्हणजे रोमन सैन्याच्या तीन मोठ्या तुकड्या, गमावणारा सेनापती पुब्लिउस क्विंक्टिलिउस वारुस तो याच शब्दाचा.

पण वाकड्या पायांपासून साक्षीदाराच्या उडवाउडवीपर्यंत शब्द पोहोचला कसा? नोंद वाचून हा प्रश्न मनात उभा राहतो आणि तिथेच नोंद संपते. लॅटिन शब्दाचा एक अर्थ 'संगनमत' आणि 'खोटा आरोप उभा करणं' असा दिला आहे, म्हणजे दिशा कळते. पुढची वाट आपण चालायची. मी चाललेली वाट इथे देते, कारण त्यावरूनच या साइटची मापं नीट कळतील.

रोममध्ये आजच्यासारखा सरकारी वकील नव्हता. मोठ्या फौजदारी खटल्यात कुणीही प्रतिष्ठित नागरिक उठून दुसऱ्यावर आरोप ठेवू शके आणि खटला तोच चालवी. यात एक उघड पळवाट होती. आरोपीनेच आपल्या माणसाला फिर्यादी म्हणून उभं करायचं. त्याने मोठा आव आणून आरोप ठेवायचे, पुरावा मात्र कच्चा मांडायचा, खरी कलमं गाळायची आणि आरोपीला सोडवायचं. असं केलं की पुन्हा त्याच गुन्ह्यासाठी खटला भरणं अवघड. या फितूर फिर्यादीला म्हणत 'प्राएवारिकातोर', आणि त्याच्या गुन्ह्याला 'प्राएवारिकातिओ'.

इसवी सनापूर्वी 70 मध्ये सिसिलीचा लुटारू प्रांताधिकारी वेर्रेस याच्यावर खटला भरायचा होता, तेव्हा रोमचा नामवंत वकील आणि वक्ता सिसेरो याच्या बरोबरीने कैकिलिउस नावाचा आणखी एक उमेदवार पुढे आला. हा पूर्वी वेर्रेसच्याच हाताखाली सिसिलीत क्वेस्टर, म्हणजे खजिन्याचा अधिकारी होता. खटला कुणी चालवायचा एवढं ठरवण्यासाठी वेगळी सुनावणी झाली, आणि सिसेरोने तिथे जे भाषण केलं त्याचा रोख हाच होता: हा माणूस वेर्रेसला दोषी ठरवायला आलेला नाही, वाचवायला आलेला आहे. ते भाषण आजही उपलब्ध आहे. ते वाचलं की 'प्राएवारिकातोर' म्हणजे काय हे व्याख्येशिवाय कळतं.

व्याख्याही आहे, आणि ती फार सुंदर आहे. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने 533 साली रोमन कायदेपंडितांचे उतारे 50 पुस्तकांत संकलित झाले. तो ग्रंथ 'डायजेस्ट' म्हणून ओळखला जातो. त्याच्या 47व्या पुस्तकात तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा पंडित उल्पियन म्हणतो: प्राएवारिकातोर म्हणजे जणू 'वारिकातोर', पाय फाकून उभा राहणारा, जो आपल्याच पक्षाचा घात करून विरुद्ध पक्षाला मदत करतो. लगेच पुढे तो पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातल्या लाबेओ या कायदेपंडिताचं मत देतो. लाबेओच्या मते हा शब्द 'वारिआ केर्तातिओ' म्हणजे दुरंगी झुंज यावरून आला, कारण असा माणूस दोन्ही बाजूंना उभा असतो. आणि मग उल्पियनचा वार: दोन्ही कसला, तो तर दुसऱ्याच बाजूला उभा असतो!

म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी एक वकील आपल्या आधी होऊन गेलेल्या दुसऱ्या वकिलाशी एका शब्दाच्या व्युत्पत्तीवरून भांडत होता, आणि ते भांडण कायद्याच्या ग्रंथात जसंच्या तसं राहिलं. सिसेरोही वक्तृत्वावरच्या एका छोट्या ग्रंथात हा शब्द 'वारिए', म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हेने, याच्याशी जोडतो. लाबेओ त्याच्या वाटेने गेलेला दिसतो. आजचे कोश उल्पियनच्या बाजूचे आहेत: 'वारिकारे', पाय फाकणं. दोन दगडांवर पाय ठेवून उभा असलेला वकील डोळ्यांसमोर येतो आणि 'संगनमत' या अर्थाला एकदम हाडामांसाचं रूप मिळतं.

मग 'वाकडं चालणं' कुठून आलं? त्यामागे शेतकरी आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी, जो 79 साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला, त्याच्या निसर्गविषयक ग्रंथाच्या 18व्या पुस्तकात नांगरटीची माहिती देता देता लिहितो की नांगऱ्या वाकून नांगर धरत नसेल तर तो 'प्राएवारिकातुर', त्याचं तास, म्हणजे नांगराने पाडलेली ओळ, वाकडं जातं. आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुन्ह्याचं हे नाव इथूनच न्यायसभेत गेलं. नांगरामागे ताठ उभं राहिलं तर फाळावर वजन पडत नाही, नांगर भरकटतो आणि सरळ ओळ मोडते. प्लिनीने हे इतकं सहज सांगितलं आहे की लगेच विश्वास बसतो.

इथे मात्र मी जरा सबुरीने घेते. सिसेरो हा शब्द कायद्याच्या अर्थाने प्लिनीच्या शंभराहून अधिक वर्षं आधी वापरतो आहे. शेतातला अर्थ आपल्याला प्लिनीकडून, म्हणजे उशिरा, कळतो. शेतकऱ्यांच्या तोंडी तो आधीपासून असेलही, पण कागदावरचा क्रम शेताकडून न्यायसभेकडे जाणारा नाही. उल्पियनच्या स्पष्टीकरणाला तर नांगर लागतच नाही, नुसते फाकलेले पाय पुरतात. प्लिनीची गोष्ट चित्रमय आहे म्हणून ती आधी सांगितली जाते. तिचं वजन मात्र पुराव्यानेच ठरावं. या दृष्टीने साइटची 'शब्दशः वाकडं चालणं, मुळात पाय फाकणं' अशी मोघम मांडणी मला योग्य वाटते. ती कुठलीही कथा निवडत नाही. मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकन कोश शब्दशः अर्थ थेट 'पाय फाकून उभं राहणं' असा देतो. दोन कोशांची ही दोन वाक्यं समोरासमोर ठेवली की उल्पियन आणि प्लिनी समोरासमोर येतात.

डायजेस्टच्याच 48व्या पुस्तकात मार्किआनुस या पंडिताचं एक वाक्य आहे, ज्याने या शब्दाला दोन भावंडं दिली. तो म्हणतो, आरोप करणाऱ्याचा उतावळेपणा तीन प्रकारे उघडा पडतो आणि तिन्हींना शिक्षा आहे. खोटे आरोप करणं ही 'कालुम्निआ'. खरे आरोप दडवणं ही 'प्राएवारिकातिओ'. आणि आरोप करून झाल्यावर खटला पुरता सोडून देणं ही 'तेर्गिवेर्सातिओ', शब्दशः पाठ फिरवणं. इसवी सन 61 मध्ये, सम्राट नीरोच्या काळात, सिनेटने केलेल्या ठरावाशी हे प्रकरण जोडलेलं आहे. तिन्ही शब्द पुढे इंग्रजीत आले: 'कॅलम्नी', 'प्रीव्हॅरिकेशन', 'टर्गिव्हर्सेशन'. तिन्ही आपला मूळ कायदेशीर नेमकेपणा गमावून मोघम झाले. 'कालुम्निआ' तर दुसऱ्या वाटेनेही आली. जुन्या फ्रेंचमध्ये झिजून तिचं 'चॅलेंज' झालं. रोजच्या वापरातला 'चॅलेंज' हा मुळात खोटा आरोप होता, हे मला याच साइटवर 'कॅलम्नी'वरून उड्या मारता मारता कळलं.

या उड्या मारण्याची सोय म्हणजे साइटचं सगळ्यात मोठं बलस्थान. विशेषतः आद्य भारोपीय, म्हणजे भारतातल्या आणि युरोपातल्या अनेक भाषांची मूळ मानल्या जाणाऱ्या भाषेतल्या, धातूंची पानं. एका धातूखाली इंग्रजीतले त्याचे सगळे वंशज ओळीने दिलेले असतात. नांगरावरून आठवलं म्हणून मी 'डिलिरियम' उघडला. लॅटिन 'दे' म्हणजे बाहेर, 'लीरा' म्हणजे तास किंवा दोन तासांमधला उंचवटा. भ्रमिष्ट माणूस म्हणजे तासाबाहेर गेलेला. धातूच्या पानावर गेलं तर 'माग, तास' अशा अर्थाचा एक जुना धातू आणि त्याखाली 'डिलिरियम'च्या शेजारी चक्क 'लर्न' आणि 'लोर' (परंपरेने आलेलं ज्ञान)! माग काढत जाणं म्हणजे शिकणं, मागावरून सुटणं म्हणजे बरळणं, आणि दोन्ही एका घरातले. त्याच यादीत चांभाराचा लाकडी साचा 'लास्ट' आणि टिकून राहणं या अर्थाचं क्रियापद 'लास्ट'ही आहे, कारण माग म्हणजे पावलाचा ठसा, आणि माग न सोडणं म्हणजे टिकणं. हे पान मी भाषांतर शिकणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. अशी जोडणी छापील कोशात पानं उलटत करायला फार वेळ जातो.

दुसरं बलस्थान म्हणजे लबाड व्युत्पत्तींना इथे थारा नाही. 'सिन्सियर' हा शब्द 'सिने केरा', म्हणजे 'मेणाशिवाय', यावरून आला. लबाड शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणाने भरत, म्हणून प्रामाणिक मूर्ती 'बिनमेणाची', अशी एक गोष्ट व्याख्यानांमधून फार ऐकू येते. साइटची नोंद या गोष्टीला आधार नाही असं ठणकावून सांगते, आणि जाणत्या कोशकारांनीही ती फेटाळली आहे हे नोंदवते. लॅटिन 'सिंकेरुस' म्हणजे निर्भेळ, शुद्ध. बहुधा 'एकाच वाढीचा' असा मूळ अर्थ. 'बहुधा', 'कदाचित', 'मूळ अज्ञात' हे शब्द या साइटवर जागोजागी दिसतात. मला त्यांचा कंटाळा येत नाही, उलट विश्वास वाढतो. जो कोश प्रत्येक शब्दाला चटपटीत जन्मकथा देतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

आता उणिवा. पहिली म्हणजे उतारे. अर्थ बदलला असं कळतं, पण तो बदलताना वाक्य कसं होतं ते क्वचितच दिसतं. अधूनमधून एखाद्या नोंदीत लांबलचक जुना उतारा असतो आणि तो फार छान निवडलेला असतो, पण तो त्या त्या शब्दाचं नशीब. ऐतिहासिक वापर ओळीने पाहायचा तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला पर्याय नाही. तिचा पहिला भाग 1884 साली निघाला, पहिली आवृत्ती 1928 साली पुरी झाली, 1989 ची दुसरी आवृत्ती 20 खंडांची, आणि तिसरीचं काम ऑनलाइन चालू आहे. प्रत्येक अर्थाखाली तारीखवार अवतरणं हा तिचा कणा. तिला वर्गणी लागते, तरी अनेक विद्यापीठं आणि सार्वजनिक वाचनालयं आपल्या सभासदांना ती मोफत देतात. आपल्या वाचनालयात विचारून पाहावं.

दुसरी उणीव: नोंदीतलं कुठलं विधान कुठल्या ग्रंथातून घेतलं हे दर वेळी दिलेलं नसतं. आधारग्रंथांची यादी साइटवर आहे, पण 'वारुस'चे दोन अर्थ नेमके कुणाचे, हे नोंदीवरून कळत नाही. शोधनिबंधात किंवा वकिलाच्या युक्तिवादात ही नोंद एकटी उद्धृत करू नये ती त्यामुळे. तिथे तिच्या मागच्या ग्रंथापर्यंत जायला हवं.

तिसरी गोष्ट ही उणीव म्हणण्यापेक्षा मर्यादा आहे. हा इंग्रजीचा कोश आहे, त्यामुळे त्या शब्दाची बाकी युरोपातली हालहवाल इथे अपेक्षिणं बरोबर नाही. पण भाषांतरकाराचा पाय नेमका तिथेच अडकतो. 'प्रीव्हॅरिकेट'चा 'टाळाटाळीचं बोलणं' हा अर्थ इंग्रजीचा खास आहे. चर्चच्या लॅटिनमध्ये तो आज्ञाभंग होता; बायबलमधल्या रोमकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायात 'जेथे नियमशास्त्र नाही तेथे उल्लंघन नाही' असं वाक्य आहे, त्यातल्या 'उल्लंघना'साठी लॅटिन बायबलमध्ये 'प्राएवारिकातिओ' आहे. फ्रेंच 'प्रेव्हारिकासिओं' म्हणजे पदाच्या कर्तव्याशी बेइमानी. स्पॅनिश 'प्रेबारिकासिओन' हा तर स्पेनच्या 1995च्या दंडसंहितेतला गुन्हा आहे: न्यायाधीशाने किंवा सरकारी अधिकाऱ्याने अन्याय्य आहे हे माहीत असताना निर्णय देणं. ब्राझीलच्या 1940च्या दंडसंहितेच्या 319व्या कलमात तो शब्द आपलं हित साधण्यासाठी सरकारी काम अडवणाऱ्या किंवा लांबवणाऱ्या नोकराला लागतो. स्पॅनिश निकालाच्या इंग्रजी अनुवादात हा शब्द दिसला आणि कुणी तो 'उडवाउडवी' असा मराठीत आणला, तर भ्रष्ट न्यायाधीशाचा नुसता गुळमुळीत बोलणारा माणूस होईल. लॅटिन वंशाच्या कायद्याच्या शब्दांना हात घालताना म्हणून त्या त्या देशाचा कायदा वेगळा पाहावाच लागतो.

केंब्रिज विद्यापीठात सतराव्या शतकात 'प्रीव्हॅरिकेटर' नावाचा मानकरीही होता, हे जाता जाता सांगून टाकते. पदवीदानाच्या समारंभात त्याने उभं राहून थट्टेचं, टोमण्यांचं भाषण करायचं अशी रीत होती. ऑक्सफर्डमध्ये त्याच्या जोडीचा असे 'टेर्राए फीलिउस'.

लॅटिनपर्यंत स्वतः जायचं असेल तर दोन मोफत ठिकाणं या साइटच्या जोडीला ठेवावीत. टफ्ट्स विद्यापीठाचं 'पर्सिअस', जिथे लुईस आणि शॉर्टचा कोश आणि मूळ लॅटिन ग्रंथ एकत्र आहेत. आणि शिकागो विद्यापीठाचं 'लोगिऑन', जिथे एक शब्द टाकला की अनेक लॅटिन आणि ग्रीक कोशांतल्या नोंदी एका पडद्यावर येतात. लॅटिन येत नसलं तरी बिचकू नका. कोशातली नोंद इंग्रजीत असते आणि कोणत्या लेखकाच्या कोणत्या पुस्तकात शब्द आला त्याचा क्रमांक तिथे असतो. माझं लॅटिनही कायद्याच्या वाक्प्रचारांपुरतंच आहे, तरी क्रमांक धरून मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर शेजारी ठेवून वाचता येतं. 'विक्शनरी'चाही उपयोग होतो, विशेषतः एकाच शब्दाची वेगवेगळ्या भाषांतली रूपं पाहायला, पण तिथल्या नोंदींचा दर्जा लिहिणाऱ्यागणिक बदलतो. एटिमऑनलाइनवर एकच हात फिरलेला जाणवतो, आणि सलग वाचताना तो एकसारखेपणा फार सुखाचा वाटतो.

फोनवरचं ॲपही आहे. मी बहुतेक वेळा ब्राउझरमध्येच पाहते, कारण तिथे चार नोंदी चार टॅबमध्ये उघड्या ठेवून ताडता येतात. साइटवर जाहिराती असतात, मजकूर मात्र ठळक आणि वाचायला सोपा आहे. शोधताना शब्दाचं नाम आणि क्रियापद दोन्ही रूपं टाकून पाहा. 'प्रीव्हॅरिकेट'च्या बाबतीत सगळा ऐवज नामाच्या नोंदीत आहे, आणि क्रियापदावरच थांबलात तर निम्मी गोष्ट हुकते. लॅटिन वंशाच्या बहुतेक जड शब्दांना हे लागू पडतं.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा मी आधार न दिलेल्या विधानांसाठी राखून ठेवते. भाषांतरकार, कायद्याचे विद्यार्थी, इंग्रजी शिकवणारे शिक्षक, आणि स्पर्धा परीक्षांसाठी अवघड शब्दांच्या याद्या घोकणारी मुलं, या सगळ्यांना मी ही साइट आग्रहाने सुचवते. घोकणाऱ्या मुलांना तर सगळ्यात आधी, कारण 'टर्गिव्हर्सेट'मध्ये पाठ आणि फिरवणं दिसलं की तो शब्द पुन्हा यादीत लिहावा लागत नाही.